टाच लावली का?

कुरखेड्याकडच्या त्या गावात मला भाड्याची खोली मिळाली ती एका बैलाच्या शिफारशीवर. मी वरोऱ्याची, कापूस-सोयाबीनच्या मुलखातली. शाळेवरची पहिलीच नेमणूक अशी थेट धानाच्या पट्ट्यात झाली. शाळेतल्या शिपायाने सांगितले की पक्क्या घरात रिकामी खोली एकच आहे, पण मालक जरा तसा आहे. तसा म्हणजे कसा, ते त्याने सांगितले नाही. मी बॅग घेऊन अंगणात उभी राहिले. मालकाने माझे नाव विचारले नाही, आणि बाकीच्या घरी जे आडून आडून विचारले गेले होते तेही विचारले नाही. "या म्याडम," म्हणून ते मला सरळ गोठ्यात घेऊन गेले. तिथे दोन पांढरे बैल उभे होते. डावीकडच्याने मान लांब करून माझ्या ओढणीचा वास घेतला, नाकाने फुस्स केले आणि पुन्हा तणसात तोंड घातले. मालक म्हणाले, "पाखऱ्याले चालते. आणा सामान."

सगळे गाव त्यांना भाऊ म्हणायचे, मीही म्हणू लागले. त्यांच्या बायकोला सगळे बाई म्हणत. मुलगी लग्न होऊन माझ्याच वरोऱ्यात गेलेली, त्यामुळे बाईंचा माझ्यावर पहिल्या दिवसापासून जीव. घरात ही दोन माणसे, पाखऱ्या आणि हिऱ्या हे दोन बैल, आणि एक ट्रॅक्टर. यांच्यात कुणाचा मान किती हे ठरलेले होते. बैलांना सिमेंटचा ओटा, वर पत्रे, उन्हाळ्यात टेबलफॅन. भाऊ स्वतः अंगणात ओला दुपट्टा पांघरून पडायचे. माझ्या खोलीत पंखा नव्हता. एप्रिलात मी तो विषय काढला तर म्हणाले, जरा दम धरा, पाखऱ्याचा पंखा जुना झाला की तुम्हालाच देतो. आणि पुढच्या उन्हाळ्यात खरेच दिला. बैलांना नवा आणला.

ट्रॅक्टर मात्र बारा महिने उघड्यावर. त्याचे नावच पाहुणा. गावातल्या लोकांनी एकामागून एक बैल विकून ट्रॅक्टर घेतले तेव्हा भाऊंनीही घेतला, पण बैल न विकता. सकाळी "पाहुण्याले डिझेल पाजतो" म्हणून उठायचे, आणि संध्याकाळी त्याला अंगणाबाहेर उभा करून त्याच्याकडे वळूनही पाहायचे नाहीत. त्यांचे एक ठरलेले बोलणे होते. "पाहुणा खाते तेवढंच काम करते. बैल खाल्लेलं विसरते अन् काम करते." मजा अशी की नांगरणी, चिखलणी, धानाची वाहतूक, सगळे काम पाहुणाच करायचा. पाखऱ्या-हिऱ्याने नांगराला खांदा लावलेला मी कधी पाहिला नाही. ती जोडी पटाची होती.

शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, हे मला वरोऱ्यातही ठाऊक होते. पण या बाजूला पट म्हणजे काय असते हे बाईंनी सांगितले तेव्हा कळले. धान घरात आले की गावागावात पट भरायचा. सासरी गेलेल्या लेकी त्या निमित्ताने यायच्या, घरोघरी पाहुण्यांची पंगत बसायची, सोयरिकी जुळायच्या, रात्री नाटक. बाईंचे लग्नही पटातच ठरलेले. त्यांच्या बापाने मुलगा पाहिला नव्हता, मुलाची जोडी पाहिली होती. हे सांगताना बाई इतक्या हसल्या की हातातले सूप खाली ठेवावे लागले.

मी गावात आले तेव्हा कोर्टाच्या बंदीमुळे पट बंद होते. खरे सांगायचे तर मला त्याचे काही दुःख नव्हते. जोडी पळवणारे धुरकरी बैलांना टोकदार आर कशी टोचतात ते मी लहानपणी पाहिले होते, आणि ते डोळ्यांसमोरून गेले नव्हते. मी भाऊंना तसे तोंडावर सांगितले. ते चिडले नाहीत. त्यांनी भिंतीवरची आपली काठी काढून माझ्या हातात दिली. साधा बांबू, टोकाला काही नाही. म्हणाले, माझ्या घरात आर नाही, बापाच्याही हातात नव्हती. त्यानंतर पाखऱ्याला बोलावून त्याच्या दोन्ही पुठ्ठ्यांवरून माझा हात फिरवून घेतला. कुठे वळ नव्हता, खरडा नव्हता. बाकीच्यांचे ठाऊक नाही, पण या माणसापुरते माझे तोंड बंद झाले.

पटाची ती लांब सरळ वाट, तिला दान म्हणतात, भाऊंच्याच बरड जमिनीवर होती. त्यांच्या आजाने ती पटासाठी सोडलेली. बंदी आल्यावर भावकीतले सगळे सांगून थकले की तिथे काहीतरी पेरा. भाऊंनी एक तूर टाकली नाही. आणि न पेरलेल्या जमिनीवर आमच्याकडे काय उगवते हे सांगायला नको. पळस. पावसाळा संपता संपता ती वाट पळसाच्या पोरांनी, बोरीच्या काट्यांनी आणि रायमुनियाच्या, म्हणजे घाणेरीच्या, जाळ्यांनी भरून जायची. दोन वर्षे हात लावला नाही तर तिथे पट होता हे सांगूनही पटले नसते. म्हणून दर दिवाळीनंतर भाऊ पाहुण्याला घेऊन ती वाट साफ करायला जायचे. बंदी आज उठली तर उद्या पट भरता आला पाहिजे, एवढाच हिशेब. लोक हसायचे. काहीजण विचारायचे, भाऊ, कोर्टाचा फोन आला का? भाऊ गंभीरपणे सांगायचे, अजून नाही आला, पण रेंज नसते इथी.

या कामाची त्यांची एक पद्धत होती आणि ती नवराबायकोची मिळून होती. भाऊ पाहुण्यावर, बाई खाली. बाई झुडपाच्या बुडाशी लोखंडी साखळी गुंडाळायच्या, दुसरे टोक ट्रॅक्टरच्या हुकात अडकवायच्या आणि बाजूला होऊन मडगार्डवर कुऱ्हाडीचा दांडा आपटायच्या. मग भाऊ सगळ्यात खालच्या गिअरमध्ये पाहुण्याला इंच इंच पुढे न्यायचे. साखळी ताणायची, पळस जरा वेळ हट्ट करायचा आणि मग मुळासकट बाहेर यायचा. वर हातभर दिसणाऱ्या पळसाचे मूळ खाली माणसाएवढे निघालेले मी पाहिले आहे. पळस कापून भागत नाही. कापला तर त्याचा खुंट मातीत राहतो, वाळून खिळ्यासारखा टणक होतो, आणि पळत्या बैलाचा खूर त्यावर पडला तर बैल गेला. म्हणून उपटायचाच. आणि उपटून झाल्यावरही काम संपत नसे. बाई चप्पल काढायच्या आणि त्या खड्ड्यात टाच दाबून फिरवायच्या. आत काही टोचले नाही तरच पुढे.

"टाच लावली का?" भाऊ वरून विचारायचे.

"लावली," बाई म्हणायच्या. तेव्हाच पाहुणा पुढे सरकायचा.

दुसऱ्या कुणाला साखळीला हात लावू देत नसत. गावातल्या जवान माणसांनी मदत करतो म्हटले तरी नको. म्हणायचे, साखळीवर आपला माणूस पाहिजे, नाहीतर कुणाचे तरी बोट जाते. मला वाटते खरे कारण तेवढेच नव्हते. उतरत्या उन्हात ती दोघे परत यायची, पाहुण्याचा आवाज गावाच्या अलीकडूनच ऐकू यायचा, मागे उपटलेल्या पळसांचा भारा फरफटत असायचा आणि बाई मडगार्डवर बसलेल्या असायच्या. वर्षातून तेवढेच दिवस बाई पाहुण्यावर बसत, आणि तेवढेच दिवस ती दोघे वाटेत एकमेकांशी बोलत.

रोज संध्याकाळी भाऊ जोडीला हलक्या छकड्याला जुंपून त्या वाटेवरून चालवत न्यायचे. पळवायचे नाहीत, नुसते चालवायचे. कुणीतरी चुगली केली आणि पोलीस आले. शर्यतीचा सराव चालू आहे का, असे त्यांनी विचारले. भाऊ म्हणाले, नाही साहेब, फिरायला आणले, यांना शुगर होऊ नये म्हणून. तुम्ही लोक सकाळी फिरता तसे हे संध्याकाळी फिरतात. हवालदाराला हसू आवरेना. तो पाखऱ्याच्या पाठीवर थाप मारून चहा पिऊन गेला. पण त्या संध्याकाळी भाऊ बराच वेळ गोठ्यात बसून होते. मी पाणी भरायला गेले तर म्हणाले, "म्याडम, याचं वय निंघून राह्यलं. बंदी उठन तवा हा पळण्यासारखा रायला पायजे. एकडाव पळू दे याले, बस. मंग मी काई नाई मांगत."

मग खरेच बंदी उठली. टीव्हीवर बातमी आली तेव्हा भाऊ शेतात होते. कुणीतरी धावत जाऊन सांगितले तर त्यांनी पाहुणा तिथेच धुऱ्यावर बंद केला आणि पायी घरी आले. जोडी तेव्हा वयाच्या उतारावर होती, पण उभी देखणी होती. गावाने सभा घेतली. शेजारच्या गावाच्या आधी आपला पट व्हायला पाहिजे, असा सगळ्यांना ज्वर चढला. कमिटी झाली, सरपंच अध्यक्ष झाले, नाटक मंडळी ठरवली, लांबलांबच्या जोड्यांना निरोप गेले आणि लगेचची तारीख धरली.

नेमकी त्या वर्षी दान साफ झालेली नव्हती. आदल्या वर्षी भाऊ तणसाच्या ढिगावरून पडून पाय मोडून बसले होते, त्यामुळे तेव्हाही हात लागला नव्हता. दोन पावसाळ्यांचा पळस माजला होता. आणि बाई वरोऱ्याला लेकीकडे, डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेल्या. डॉक्टरने वाकायचे नाही म्हणून बजावले होते. साखळीला माणूस नाही.

कमिटीच्या लोकांनी दहा जण देतो म्हटले. भाऊ नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते एकटेच कुऱ्हाड घेऊन गेले. सगळी झुडपे जमिनीलगत कापली, पाहुण्याला माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर लावून वरून फिरवला आणि मागे फळी ओढून माती सारखी केली. रोटाव्हेटर पळसाच्या खुंटावरून नुसता उडी मारून पुढे जातो, हे त्यांच्याइतके कुणाला माहीत होते? पण ती वाट दिसायला अशी सुरेख झाली की बघायला शेजारच्या गावची माणसे आली. बाईंचा रोज फोन यायचा. अंगणात स्पीकरवर बोलायचे ते, सगळ्या घराला ऐकू जाईल असे.

"टाच लावली का?" बाई विचारायच्या.

"लावली," भाऊ म्हणायचे. मला वाटायचे की हा माणूस आता स्वतःच उतरून टाच लावत असेल. त्यांच्या आवाजात काही वेगळे नव्हते.

पटाच्या आदल्या दिवशी बाई परत आल्या, डोळ्याला काळा चष्मा लावून. बॅग ओसरीवर टाकली आणि मला म्हणाल्या, चाला म्याडम, दान पाहून येऊ. मी त्यांचा हात धरून नेले. दानीच्या तोंडाशी त्यांनी चप्पल काढली आणि टाच रोवत रोवत चालू लागल्या. थोडे पुढे जाऊन थांबल्या. त्याच जागी पुन्हा टाच दाबली. आणखी पुढे गेल्या, पुन्हा थांबल्या. मग माघारी फिरल्या.

घरी येऊन त्या भाऊंसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की कापले आहे, उपटलेले नाही. भाऊ आधी रोटाव्हेटरचे काहीतरी सांगू लागले. शेवटी भाऊ खाली पाहून म्हणाले, सकाळीच कमिटीला सांगतो, पट दोन दिवस पुढे ढकला म्हणून. बाईंनी मान हलवली आणि आम्ही जेवलो. मला त्या रात्री शांत झोप लागली, बाईंनाही लागली असावी. भाऊंनी शब्द दिला होता.

सकाळी गावात पाय ठेवायला जागा नव्हती. कुठून कुठून टेम्पोत घालून जोड्या आणल्या होत्या. बैलांची शिंगे रंगवलेली, भज्यांची दुकाने, कर्ण्यावर गाणी, माहेरी आलेल्या लेकी नव्या लुगड्यांत. कितीतरी वर्षांनी गाव गावासारखे दिसत होते. भाऊ पांढरे धोतर नेसून कमिटीच्या मंडपाकडे गेले. ते सांगायलाच गेले होते, एवढे मी आजही कुणालाही छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्यांना पाहताच सरपंचांनी त्यांना वर ओढले, गळ्यात हार घातला, आणि माईकवरून सांगितले की सगळे जग हसत असताना ज्या एका माणसाने हा पट जागता ठेवला तो हा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंच्या हातात माईक दिला. ते हार गळ्यात घालून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "पयली जोडी माही पळन."

लोकांना वाटले, मानाची जोडी. पुन्हा टाळ्या झाल्या. बायकांच्या बाजूला माझ्याजवळ बसलेल्या बाई मात्र ताडकन उठल्या. "यानं सांगतलं नाई," एवढेच म्हणाल्या आणि गर्दीतून वाट काढू लागल्या. गर्दी त्यांना वाट देत नव्हती. मला तेव्हा उलगडा झाला. दुसऱ्याचा बैल जायला नको म्हणून भाऊ आपला बैल पुढे घालत होते. काही झाले नाही तर पट होईल. झाले तर आपल्या घरचे जाईल आणि पट आपोआप थांबेल. तोंडाने सांगायची लाज वाटली, त्यावर त्यांनी हा तोडगा काढला होता.

जोडी सुटली. काठी त्यांनी हवेतसुद्धा फिरवली नाही. तोंडाने नुसते एकदा हुंकारले आणि ती दोन म्हातारी जनावरे अशी पळाली की गर्दीतला माणूस न् माणूस उभा राहिला. मीही उभी राहिले. अर्ध्या दानीपर्यंत मी खुंट विसरले होते. मग पाखऱ्याचा पुढचा पाय खाली गेला आणि वर आलाच नाही. तो गुडघ्यावर आला, छकडा तिरपा झाला, हिऱ्या ओढून ओढून थांबला. भाऊ उडी मारून खाली आले. त्यांनी पाखऱ्याचा पाय मांडीवर घेतला. खुराच्या बेचक्यातून पळसाचा खुंट आत गेला होता.

भाऊ उठून मंडपाकडे तोंड करून उभे राहिले आणि हात वर केला. "पट बंद करा," ते म्हणाले. "दान खराब हाये. मीच केली."

तेवढ्यात बाई पोहोचल्या. काळा चष्मा कुठेतरी पडला होता. वाकायचे नाही हे विसरून त्या पाखऱ्याजवळ मातीत बसल्या, पदर फाडून खुराला गुंडाळला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. भाऊंकडे न पाहता म्हणाल्या, "तोंड होतं ना तुमाले. बैलाच्या पायानं काऊन बोलले?"

भाऊंच्या गळ्यात तो हार अजून तसाच होता, आणि तो काढायचेही कुणाला सुचले नाही.

जोड्या टेम्पोत चढून परत गेल्या. काही धुरकरी शिव्या घालून गेले, काही भाऊंच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पाहुणे जेवून गेले, नाटकही झाले, कारण ठरवलेले होते. जनावरांच्या डॉक्टरने पाखऱ्याचा पाय वाचवला, पण तो टेकवता येईल असा राहिला नाही. पुढच्या वर्षी पट सरपंचांच्या शेतात भरला आणि तिथेच भरत राहिला. भाऊंच्या बरडावर पुन्हा कुणी जोडी आणली नाही. मला आजही वाटते, त्या सकाळी माईकवर दोन वाक्ये बोलले असते तर लोक तासभर कुरकुरले असते आणि विसरले असते. एवढे साधे होते ते. एवढे साधे असूनच त्यांना जमले नाही, याची हळहळ मला अजून वाटते.

त्यानंतर माझी बदली झाली. मध्ये बराच काळ गेला. या हिवाळ्यात एका लग्नाला त्या बाजूला गेले होते, तेव्हा वाट वाकडी करून त्यांच्याकडे गेले. घराला कडी होती. पण बरडाकडून पाहुण्याचा तो ओळखीचा आवाज येत होता, तिकडे गेले.

भाऊ पाहुण्यावर होते, बाई साखळीवर. दोघेही पार वाळून गेलेली. एका पळसाच्या रोपाला, माझ्या करंगळीएवढ्या, साखळी लावलेली होती. रोप उपटून आले, बाईंनी चप्पल काढून टाच फिरवली. भाऊंनी विचारले, बाईंनी सांगितले, पाहुणा सरकला. मग त्यांनी मला पाहिले. बाईंनी मला जवळ घेतले आणि कानात सांगितले की पटाच्या आठवड्यापासून हे असेच चालू आहे. सगळे खुंट खणून काढले, आता उगवेल तो काढतात. तिथे कुणी पळत नाही, कुणी पेरत नाही.

भाऊ खाली उतरले. ख्यालीखुशाली विचारली नाही. म्हणाले, "चप्पल काढा म्याडम. चालून पाहा."

मी चप्पल काढली आणि चालू लागले. भाऊ दानीच्या बाहेरून, कडेच्या गवतातून, जोडे घालून माझ्या बरोबरीने चालत होते. माती मऊ होती, उन्हाने कोमट झालेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. कुठे खडा नाही, काटा नाही.

"लागलं काई?"

"नाही भाऊ. काहीच नाही."

त्यांनी मान हलवली. दानीच्या त्या टोकाला बाभळीखाली पाखऱ्या एकटाच उभा होता, पुढचा पाय उचलून. मी म्हटले, भाऊ, परत जाताना तुम्हीही वाटेवरून चला माझ्यासोबत. ते वाटेच्या काठापर्यंत आले आणि तिथेच थांबले.

"खोली द्याची होती तं याले विचारलं होतं," ते म्हणाले. "त्या दिवशी नाई विचारलं."

मी चप्पल हातात घेऊन एकटीच परत निघाले. मागे वळून पाहिले तेव्हा ते पाखऱ्याजवळ मातीत बसले होते, आणि त्याचा उचललेला पाय त्यांनी आपल्या मांडीवर ठेवून घेतला होता.